करवंद: फक्त उन्हाळ्यातला रानमेवा की डोंगराचा राखणदार? हे काटेरी झुडूप काय काम करतं आणि ते कसं लावायचं?

एप्रिल-मे महिन्यात कर्जत, कसारा, खंडाळा, माळशेज या भागातून प्रवास केला असेल, तर पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन बसलेल्या बायका तुम्ही नक्की पाहिल्या असतील. 'डोंगरची काळी मैना' ही हाकही ऐकली असेल. लहानपणी करवंद दातानं अर्धं तोडून 'कोंबडा की कोंबडी' हा खेळ तर महाराष्ट्रात अनेकांनी खेळला आहे. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी.

दर उन्हाळ्यात करवंदांचे फोटो आणि रील्स सगळीकडे फिरतात. जूनमध्ये पावसाच्या चार सरी पडल्या की विषय संपतो. पण ज्या झुडपावर ही करवंदं लागतात, ते बाराही महिने तिथेच उभं असतं, तेही हिरवंगार. त्याच्या फळांचं कौतुक होतं आणि काट्यांचा राग येतो. खरं तर डोंगरासाठी त्या काट्यांचं काम फळांपेक्षाही मोठं आहे.

करवंदाचं झुडूप निसर्गात नेमकं काय करतं, ते शेताच्या बांधावर किंवा घराच्या कुंपणाला कसं लावायचं आणि सध्या त्याला कशाचा धोका आहे, हे समजून घेऊया.

करवंद म्हणजे नेमकं कोणतं झाड?

करवंदाचं शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडस. सह्याद्रीतल्या रानटी करवंदाची नोंद काही पुस्तकांत कॅरिसा कंजेस्टा या नावानंही सापडते. संस्कृतमध्ये याला करमर्द म्हणतात, हिंदीत करौंदा आणि गुजरातीत करमदा.

करवंद ज्या कुळातलं आहे, त्याच कुळात कण्हेर, सदाफुली, सातवीण आणि रुईही येतात. या कुळाची खूण म्हणजे पांढरा चीक. करवंदाचं पान किंवा कच्चं फळ तोडलं की हा चीक लगेच दिसतो. या कुळातली बरीच झाडं विषारी आहेत. कण्हेर त्यातलीच एक. करवंदाचं फळ मात्र खाण्याजोगं आहे. म्हणून 'करवंदासारखं दिसतंय' एवढ्यावरून कोणतंही अनोळखी फळ तोंडात टाकू नये.

झुडूप साधारण दोन ते चार मीटर उंच होतं. शेजारी मोठं झाड असेल तर त्याच्या आधारानं आणखी वर चढतं. पानं जाड, चिवट, वरून चकचकीत आणि समोरासमोर जोडीनं येणारी. काटेही जोडीनं येतात, सरळ किंवा टोकाला दुभंगलेले. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची आणि मंद सुवासाची. कच्चं फळ हिरवं असतं, मग लालसर होतं आणि पूर्ण पिकल्यावर काळं-जांभळं.

कोकणातले सडे, गोव्यातली जांभ्या दगडाची पठारं, घाटमाथा, मावळातले डोंगरउतार आणि देशावरच्या कोरड्या टेकड्या अशा सगळ्या ठिकाणी करवंद दिसतं. माती कमी, दगड जास्त अशा जागीही ते तग धरतं.

'सदाहरित' असण्याचा डोंगराला काय फायदा?

सदाहरित म्हणजे झाडाची पानं कधीच गळत नाहीत, असं नाही. जुनी पानं थोडी थोडी गळत राहतात आणि नवी येत राहतात. त्यामुळे झाड एकदम उघडं पडत नाही.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आणि देशावर उन्हाळा म्हणजे पानगळीचा काळ. साग, पळस, सावर ही झाडं निष्पर्ण होतात. गवत वाळून पिवळं पडतं. जमीन तापते. अशा वेळी सावली आणि आडोसा देणारी जी मोजकी झाडंझुडपं उरतात, त्यात करवंद येतं. त्याची जाड पानं पाणी जपून वापरतात आणि मार्च ते मे या कडक काळातही हिरवी राहतात.

ग्रामीण भागात याला नुसतं झुडूप म्हणत नाहीत, 'करवंदाची जाळी' म्हणतात. हा शब्द अगदी नेमका आहे. फांद्या एकमेकींत इतक्या गुंततात की आत हात घालणंही कठीण होतं. माणसाला जी अडचण वाटते, तीच बुलबुलासारख्या पक्ष्याला घरट्यासाठी सुरक्षित जागा वाटते. ससा, मुंगूस, तित्तर, सरडे यांना उन्हापासून आणि शिकाऱ्यापासून लपायला जाळी मिळते. जाळीखाली पडलेला पालापाचोळा तिथेच कुजतो आणि पावसाचं पाणी वाहून जाताना थोडी माती अडते.

काटे कशासाठी? इथे खरी गोष्ट आहे

मोकळ्या, चराईच्या डोंगरावर झाडाचं रोप जगणं किती अवघड असतं, याचा विचार करा. एखाद्या पक्ष्यानं जांभळाची बी टाकली. पावसात ती रुजली. दोन कोवळी पानं आली. नोव्हेंबरपर्यंत शेळीनं ती खाल्ली किंवा गुराच्या खुराखाली रोप गेलं. त्यातून वाचलं तर मार्चच्या उन्हात करपलं.

आता तीच बी करवंदाच्या जाळीत पडली असं समजा. तिथे सावली आहे, जमीन थोडी ओलसर आहे, कुजलेला पाला आहे. आणि मुख्य म्हणजे काटे आहेत. शेळीचं तोंड आतपर्यंत पोहोचत नाही. रोपाला दोन-चार वर्षं निवांत वाढायला मिळतात. मग ते जाळीच्या वर डोकं काढतं. तोपर्यंत त्याचा शेंडा जनावरांच्या तोंडाच्या पलीकडे गेलेला असतो.

इतर रोपांना असं सांभाळणाऱ्या झुडपांना पर्यावरणशास्त्रात 'नर्स प्लांट' म्हणतात. मराठीत 'दाई झुडूप' म्हणता येईल. डोंगरावर फिरताना एकटं उभं असलेलं मोठं झाड दिसलं, तर त्याच्या बुंध्याकडे एकदा नीट बघा. अनेकदा बुंध्याला वेढून एखादी काटेरी जाळी असते. ते झाड कुणी लावलेलं नसतं. जाळीनं ते जगवलेलं असतं.

म्हणूनच 'झाडं लावायची आहेत' म्हणून आधी डोंगरउतारावरची सगळी झुडपं काढून टाकली, तर नवी रोपं उघडी पडतात. मग त्यांच्याभोवती जाळ्या आणि तारा लावाव्या लागतात. जे काम करवंद फुकटात करत होतं, त्यासाठी पैसे मोजावे लागतात.

करवंद जास्त म्हणजे जंगल चांगलं, असं आहे का?

नाही. उलट बऱ्याचदा करवंदाची दाट झुडपं हे आधी बिघडलेल्या जंगलाचं लक्षण असतं.

एखाद्या उतारावर वर्षानुवर्षं झाडं तोडली गेली, गुरं चरली, वणवे लागले, तर मोठी झाडं संपतात. गुरं जे खातात ते संपतं आणि जे टाळतात ते उरतं. करवंद काट्यांमुळे उरतं. म्हणजे ते पडझडीचंही चिन्ह आहे आणि सुधारण्याच्या सुरुवातीचंही. अशा उताराला तोड आणि आग यांपासून काही वर्षं विश्रांती मिळाली, तर याच जाळ्यांमधून पुढची झाडं वर येऊ शकतात. ती विश्रांती मिळाली नाही, तर उतार जाळ्यांच्या पातळीवरच अडकून राहतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक मोकळी जागा 'ओसाड' नसते. नैसर्गिक माळरानं आणि फुलांची पठारं या स्वतंत्र परिसंस्था आहेत. तिथले पक्षी, प्राणी आणि वनस्पती मोकळ्या जागेवरच जगतात. तिथे मुद्दाम जाऊन करवंद किंवा दुसरं कोणतंही झुडूप लावू नये.

कोण येतं करवंदावर?

सह्याद्रीत साधारण फेब्रुवारीपासून करवंद फुलायला लागतं. फूल म्हणजे एक अरुंद नळी. त्यातला मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना आणि पतंगांना सोयीचा. मधमाश्याही फुलांवर येतात.

पानांवरही पाहुणे असतात. 'कॉमन क्रो' नावाचं काळपट तपकिरी, कडेला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसतं. त्याच्या अळ्या चीक असणाऱ्या झाडांची पानं खातात. कण्हेरीप्रमाणे करवंदही त्यांच्या यादीत आहे. त्यामुळे करवंदाची काही पानं कुरतडलेली दिसली, तर लगेच औषध फवारू नका. झुडूप त्यानं मरत नाही.

मे महिन्यात फळं पिकली की गर्दी वाढते. बुलबुल, कोकीळ, माकडं, उदमांजर, कोल्हा आणि जिथे आहे तिथे अस्वलसुद्धा करवंदं खातं. हो, कोल्हासुद्धा. त्याच्या खाण्यात उंदीर-घुशींसोबत बोरं, जांभळं आणि करवंदंही असतात.

या सगळ्यांच्या पोटातून बिया लांब लांब जाऊन पडतात. वेळही नेमकी असते. फळं पिकतात मे-जूनमध्ये आणि लगेच पाऊस सुरू होतो. करवंदाची बी ताजी असतानाच चांगली रुजते, जुनी झाली की तिची उगवण कमी होते. त्यामुळे पावसाच्या तोंडावर फळ पिकणं ही या झुडपाची पुढच्या पिढीची सोय आहे.

घाणेरीही काटेरी, मग फरक काय?

हा प्रश्न बरोबर आहे. घाणेरी किंवा टणटणी हीसुद्धा काटेरी आहे, हिरवी आहे, तिच्यावर फुलपाखरं येतात आणि तिची फळं पक्षी खातात. मग करवंदाचं एवढं कौतुक का?

घाणेरी मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झाड म्हणून भारतात, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिथून ती देशभर पसरली. ती सलग आणि दाट पसरते, त्यामुळे खाली दुसऱ्या रोपांना प्रकाशच मिळत नाही. तिची पानं गुरांना विषारी ठरतात. आपल्याकडचे मोजकेच कीटक तिची पानं खातात. म्हणजे फुलपाखरं मध प्यायला येतात, पण त्यांच्या अळ्यांना तिथे फारसं खायला नसतं.

करवंद असं सगळी जमीन व्यापत नाही. एक जाळी, मग थोडी मोकळी जागा, मग दुसरी जाळी, अशी त्याची पद्धत. मधल्या जागेत गवत उगवतं, जाळीत रोपं उगवतात. इथल्या पक्ष्या-प्राण्यांशी त्याचं नातं फार जुनं आहे. हा फरक दिसायला छोटा वाटतो, पण डोंगराच्या दृष्टीनं मोठा आहे.

ज्या कुंपणानं मीठ अडवलं

करवंदाचं कुंपण किती भक्कम असतं, याचा एक पुरावा इतिहासात सापडतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी मिठावर जबर कर लावला होता. कर चुकवून होणारी मिठाची वाहतूक अडवण्यासाठी त्यांनी उत्तर आणि मध्य भारतात नाक्यांची प्रचंड लांब रेषा उभी केली. तिच्या बऱ्याच भागात अडथळा होता तो चक्क जिवंत काटेरी कुंपणाचा. बाभूळ, बोर, निवडुंग यांच्यासोबत त्यात करवंदही लावलेलं होतं.

आधी वाळक्या काटक्यांचं असलेलं कुंपण जिवंत झाडांचं करण्यावर भर दिला तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते. ही रेषा १८७९ मध्ये बंद झाली आणि कुंपण विस्मरणात गेलं. ब्रिटिश लेखक रॉय मॉक्सम यांनी त्याचा शोध घेऊन २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

त्या कुंपणाचा हेतू जुलमी होता. पण माणसाला अडवू शकेल इतकी दाट भिंत या झुडपांनी होते, हे त्यातून कळतं. गावाकडच्या शेतकऱ्यांना हे आधीपासून माहीत होतं. शेताच्या बांधावर करवंद, सागरगोटा, निवडुंग, शेर, निर्गुडी अशी सरमिसळ कुंपणं असायची. आता त्या जागी काटेरी तार किंवा सिमेंटचे खांब येतात. शहरातल्या सोसायट्यांत पिवळ्या-हिरव्या पानांचा ड्युरांटा येतो. तोही अमेरिका खंडातला आणि त्याची फळं माणसासाठी विषारी.

तार डुकराला अडवते, पण बुलबुलाला घरटं देत नाही.

करवंद लावायचं कसं?

चांगली बातमी अशी की एकदा रुजल्यावर करवंदाला फारशी निगा लागत नाही. पण पहिली दोन वर्षं लक्ष द्यावं लागतं.

*१. बी निवडा आणि लगेच पेरा.* मे-जूनमध्ये पूर्ण पिकलेली, काळी फळं घ्या. शक्य तर आपल्याच भागातल्या झुडपाची. गर काढून बिया धुवा, सावलीत एखाद-दोन दिवस सुकवा आणि लगेच पिशवीत पेरा. 'पुढच्या वर्षी लावू' म्हणून डबीत ठेवलेल्या बियांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

*२. घाई करू नका.* उगवायला काही आठवडे लागतात. रोप सुरुवातीला फारच हळू वाढतं. पहिलं वर्ष पिशवीतच राहू द्या आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावा. फांदी खोचून करवंद सहजासहजी लागत नाही. कलमच हवं असेल तर पावसाळ्यात गुटी बांधतात.

*३. जागा बघा.* भरपूर ऊन हवं. माती हलकी, मुरमाड, जांभ्याची कशीही चालते, पण पाणी साचता कामा नये. करवंद दुष्काळ सोसतं, दलदल नाही.

*४. अंतर ठेवा.* कुंपणासाठी दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरतं. फळांसाठी सुटं झुडूप हवं असेल तर दोन ते तीन मीटर सोडा. दीड फुटाचा खड्डा, त्यात वरची माती आणि कुजलेलं शेणखत, एवढं पुरेसं आहे.

*५. लहान रोपाला राखण द्या.* मोठ्या करवंदाला जनावरं टाळतात, पण कोवळ्या रोपाचे काटे मऊ असतात. पहिली दोन वर्षं बाभळीच्या किंवा बोरीच्या वाळक्या फांद्या भोवती लावा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्याला एखादं पाणी द्या.

*६. छाटणी कधी करायची?* इथे बहुतेकांची चूक होते. करवंदाची फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. हिवाळ्यात कुंपण चौकोनी ठोकळ्यासारखं छाटलं, तर टोकंच जातात. मग ना फूल, ना फळ, ना पक्षी. छाटायचंच असेल तर फळं उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला छाटा. एक बाजू एका वर्षी, दुसरी बाजू पुढच्या वर्षी असं केलं तर आणखी चांगलं.

बियांपासून लावलेल्या झुडपाला साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळं दिसू लागतात.

नर्सरीतून रोप घेताना सावध राहा

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं मोठ्या फळांची 'कोकण बोल्ड' ही करवंदाची जात विकसित केली आहे. उत्पन्नासाठी लागवड करायची असेल तर असे पर्याय विचारात घेता येतात. डोंगराच्या कडेला, जंगलाशेजारी कुंपण करायचं असेल तर मात्र तिथल्याच रानटी करवंदाच्या बिया वापरणं अधिक योग्य.

काही नर्सरींत 'करवंद' म्हणून दक्षिण आफ्रिकेतलं नेटल प्लमही मिळतं. त्याचं फूल मोठं, चांदणीसारखं पांढरं आणि फळ मोठं, लाल असतं. ते करवंदाचं नातेवाईक आहे, पण इथलं नाही. रोप घेताना फळ काळं होतं की लालच राहतं, हे विचारून घ्या.

लहान मुलं जिथे धावतात त्या वाटेला चिकटून करवंद लावू नका. काटे खरोखर लागतात. सोसायटीत मागच्या भिंतीलगतची, उन्हाची जागा त्याला योग्य. बाल्कनीतल्या कुंडीत ते जगेल, पण जाळी होणार नाही.

'भरपूर लोह' हा दावा खरा का?

करवंदांबद्दलच्या पोस्टमध्ये एक आकडा हमखास दिसतो: १०० ग्रॅम करवंदांत ३९ मिलीग्रॅम लोह. हा आकडा राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतून आला आहे, पण तो सुकवलेल्या करवंदांचा आहे. ताज्या फळाचं बहुतांश वजन पाण्याचंच असतं. त्यामुळे मूठभर ताजी करवंदं खाऊन तेवढं लोह मिळत नाही. रक्तक्षयावर उपचार म्हणून करवंदांवर विसंबून राहणं चुकीचं ठरेल.

मात्र करवंद चवीला आणि स्वयंपाकाला उत्तम आहे, यात वाद नाही. कच्च्या करवंदाचं लोणचं आणि चटणी, पिकल्या करवंदाचं सरबत आणि मुरंबा घरोघरी होतो. फळात पेक्टिन भरपूर असल्यानं जेली छान जमते. आणि बेकरीत केकवर दिसणारी स्वस्त, लालभडक 'चेरी' अनेकदा चेरी नसतेच. बी काढून, रंगवून साखरेच्या पाकात मुरवलेलं ते करवंद असतं.

धोका कशाचा आहे?

*वणवा.* सह्याद्रीत वणव्यांचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे. करवंदाच्या फुला-फळांचा काळही तोच. आगीनंतर झुडूप बुडातून पुन्हा फुटू शकतं, पण त्या वर्षीची फुलं, फळं आणि जाळीतली घरटी जातात. आणि ज्या रोपांना जाळीनं सांभाळलं होतं, तीही जातात. दरवर्षी आग लागत राहिली तर झुडपालाही सावरायला वेळ मिळत नाही.

*साफसफाई.* प्लॉट पाडताना, रस्ता रुंद करताना किंवा रोपवनासाठी खड्डे घेताना पहिलं काम असतं 'झाडोरा काढणं'. मोठं झाड तोडलं की निदान कुणीतरी प्रश्न विचारतं. झुडूप उपटलं की कुणी विचारत नाही, कारण ते झाड म्हणून मोजलंच जात नाही.

याचा पहिला फटका कुणाला बसतो? करवंदं विकणाऱ्या बाईला. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली समाजातल्या अनेक घरांसाठी उन्हाळ्यातला रानमेवा हा हातात रोख पैसा आणणारा आधार आहे. शेतीची कामं थांबलेली असतात आणि पावसाळ्याची बेगमी करायची असते. काट्यांत हात घालून पहाटे तोडलेली करवंदं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी विकावी लागतात, कारण पिकलेलं फळ टिकत नाही. जवळची जाळी गेली की तिला आणखी लांब चालावं लागतं. तेवढ्याच दिवसात तेवढीच फळं मग मिळत नाहीत.

कायदा तिच्या बाजूनं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पात्र आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना गौण वनोपजावर मालकी दिली आहे. त्यात पारंपरिक पद्धतीनं वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क येतो. लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारं वनोपज यात मोडतं, म्हणजे करवंदंही. पण हक्क कागदावर असून भागत नाही, डोंगरावर झुडूपही असावं लागतं.

तुम्ही काय करू शकता?

• ट्रेकला गेलात तर करवंदं जरूर खा, पण फांद्या मोडू नका आणि जाळी ओरबाडून रिकामी करू नका. तुमच्यानंतर पक्षीही येणार आहेत आणि पाटी घेऊन एखादी आजीही.

• बिया कचऱ्याच्या डब्यात टाकण्याऐवजी घरी आणून पिशवीत पेरा.

• सुक्या गवतात शेकोटी, सिगारेट, स्टोव्ह टाळा. वणवा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

• गावात, सोसायटीत, शाळेत वृक्षारोपण होणार असेल तर एक प्रश्न विचारा: आधीपासून उगवलेली झुडपं ठेवून मधल्या जागेत रोपं लावता येतील का?

• द्रोणातली करवंदं घेताना घासाघीस करू नका. त्या किमतीत काट्यांचे ओरखडेही असतात.

येत्या उन्हाळ्यात 'कोंबडा की कोंबडी' खेळलात, तर हातात राहिलेली बी एकदा नीट बघा. पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आलेला असतो आणि ती रुजायला तयार असते. त्या एका बीतून कुंपण व्हायला चार-पाच वर्षं लागतात. तयार जाळी मात्र जेसीबीच्या एका फेरीत जाते.